रडार मेकॅनिकनं गेटवर का उभं राहावं?

बदलापूर पूर्वेच्या शिरगाव-कात्रप पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या. मुंबई-ठाण्यात घर परवडेना म्हणून आलेल्या नोकरदारांबरोबर फौजेतून पेन्शनवर आलेली कुटुंबंही इथं स्थिरावली. त्या माजी सैनिकांत कुणी पायदळातले, कुणी ड्रायव्हर, कुणी क्लार्क. हा लेख त्यांच्यातल्या एका छोट्या गटासाठी आहे. पंधरा-वीस वर्षं रडार, वायरलेस सेट, जहाजावरचं सोनार किंवा विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं चालू ठेवण्यात ज्यांनी घालवली, त्या ईएमईच्या, सिग्नलच्या, नौदलाच्या आणि हवाई दलाच्या तंत्रज्ञांसाठी; आणि ज्यांची चार वर्षं आता संपत आली आहेत त्या तांत्रिक अग्निवीरांसाठीही. चाळिशीच्या आतबाहेरचं वय, मुलं शाळा-कॉलेजात, घराचा हप्ता चालू. अशा वेळी घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांत ओळखीतून जी पहिली नोकरी चालून येते, ती बहुधा कंपनीच्या गेटवरची असते. घराजवळचं काम, ठीकठाक पगार, ओळखीची शिस्त. माणूस 'तूर्तास' म्हणून रुजू होतो आणि त्या तूर्तासाची दहा वर्षं कधी होतात ते कळत नाही.

गेटवरचं काम हलकं आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्याची सगळी नोकरी पहाऱ्याची आणि बंदोबस्ताची, त्याचं ते हक्काचं क्षेत्र आहे. पण ज्या माणसावर सरकारनं वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण खर्च केलं, तो गेटवर वही भरत बसला आहे आणि आत त्याच प्लांटमध्ये एक ट्रान्समीटर बंद पडला म्हणून ठाण्याहून किंवा वाशीहून सर्व्हिस इंजिनिअर यायची वाट बघत उत्पादन थांबलं आहे, हे चित्र त्या माणसाच्या आणि त्या कंपनीच्या दोघांच्याही नुकसानीचं आहे. ते टाळता येतं, असं माझं म्हणणं आहे. फौजी तंत्रज्ञाची खरी पुंजी म्हणजे अमुक एका रडारची माहिती, असं समजलं जातं. ती माहिती युनिटच्या बाहेर पडताच निरुपयोगी होते. उरते ती बिघाड शोधायची रीत, आणि बाहेरच्या उद्योगाला नेमकी तिचीच चणचण आहे. अडचण अशी की ही रीत डिस्चार्ज बुकात कुठं लिहिलेली नसते, आणि समोरच्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय ती त्याला दिसत नाही. शिवाय ती वापराविना बोथट होते. म्हणून पहिली नोकरी आपल्या ट्रेडमधलीच धरावी, थोडी लांब असली, थोड्या कमी पगाराची असली तरी.

हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. बदलापूरच्या माणकिवली किंवा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या रसायनाच्या प्लांटमधला साधा प्रसंग घ्या. टाकीतली पातळी मोजणारा ट्रान्समीटर कंट्रोल रूमला विजेचा प्रवाह पाठवतो. टाकी रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर, पूर्ण भरली की २०, निम्मी असेल तर १२. शून्यापासून सुरुवात न करता ४ पासून का, तर वायर तुटली की प्रवाह शून्यावर येतो आणि 'रिकामी टाकी' व 'तुटलेली वायर' यांत घोटाळा होत नाही. आता स्क्रीनवर पातळी शून्याच्या खाली दिसते आहे. नवखा माणूस थेट ट्रान्समीटर बदलायला धावतो. रिसीव्हरची साखळी वर्षानुवर्षं तपासलेला रडार मेकॅनिक काय करील? तो साखळीच्या मध्यावर, म्हणजे जंक्शन बॉक्सपाशी जाईल. तिथं मीटर लावून १२ मिलिअँपिअर मिळाले, तर टाकीकडची बाजू ठीक आहे. दोष पुढं, केबलमध्ये किंवा पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरच्या) इनपुट कार्डात आहे. काहीच मिळालं नाही, तर आधी २४ व्होल्टचा पुरवठा बघेल, मग वायर. प्रवाह ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर अडकला असेल, तर बहुतेक आधुनिक ट्रान्समीटर तेवढ्यावरून 'मीच बिघडलो आहे' असं सांगत असतात. एका मापात अर्धी साखळी बाद, पुढच्या मापात उरलेलीतली अर्धी. ही रीत त्याला कुठल्या एमआयडीसीत शिकवावी लागत नाही. ती त्याच्या हातात मुरलेली असते.

पावसाळ्यात हेच काम आणखी बारीक होतं, आणि बदलापूरचा पाऊस कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरानं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफबरोबर नौदल आणि हवाई दलही आलं होतं. अशा हवेत जंक्शन बॉक्सच्या केबल ग्लँडमधून ओल शिरते. दोन टर्मिनलांच्या मध्ये ओलीची पातळ वाट तयार होते आणि तिच्यातून थोडा जादा प्रवाह वाहू लागतो. ट्रान्समीटर बरोबर सांगत असतो, पण स्क्रीनवर टाकी आहे त्यापेक्षा जास्त भरलेली दिसते. अलार्म वाजत नाही, कुणाला शंका येत नाही. दमट किनाऱ्यावर किंवा जहाजाच्या पोटात कनेक्टर उघडून पुसलेल्या माणसाच्या डोक्यात हा संशय आपोआप येतो. आणि केबल मेगरनं तपासायची तर आधी दोन्ही टोकांची उपकरणं सोडवायची, नाहीतर ५०० व्होल्टनं कार्ड जळतं, हेही त्याला आधी एकदा नुकसान करून शिकावं लागत नाही.

तत्त्व एकच असलं की यंत्राचा गणवेश बदलला तरी काम अडत नाही, याचा एक मोठा दाखला आपल्या कल्याणचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं रडारच्या गुप्त कामासाठी सिडनीत रेडिओफिजिक्सची प्रयोगशाळा उभी केली. युद्ध संपल्यावर तिथल्या लोकांनी तेच अँटेना-रिसीव्हरचं ज्ञान सूर्याकडं आणि ताऱ्यांकडं वळवलं. इंग्लंडमध्येही बर्नार्ड लोव्हेल यांनी १९४५ मध्ये लष्कराचे रडार संच जॉड्रेल बँकला नेऊन रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात केली. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथं वापरलेल्या सहा फुटी ३२ डिश पुढं रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नानं भारतात आल्या आणि १९६५ मध्ये टीआयएफआरनं त्या कल्याणला मांडून सूर्याचा अभ्यास करणारी दुर्बीण उभी केली. त्याच परंपरेतून पुढं नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण झाली. क्षीण सिग्नल गोंगाटातून वेगळा काढायचा, वाढवायचा आणि मोजायचा, हे काम शत्रूच्या विमानासाठी जसं तसंच सूर्यासाठी. आपल्या परिसराचं तर मूळच लष्करी आहे. उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी; फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत राहायला आले, ८ ऑगस्ट १९४९ ला तिला नवं नाव मिळालं, आणि लोक आजही पत्ता 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असाच सांगतात. बराकींचं गाव झालं, गावात कारखाने झाले. माणसाच्या कौशल्यालाही अशीच वाट आहे.

आता भाषेचं. माजी सैनिकाच्या बायोडेटात पहिल्या ओळीला हुद्दा, मग युनिटं, मग पदकं, मग उपकरणाचं लष्करी नाव आणि 'देखभालीचा १७ वर्षांचा अनुभव' असं असतं. एमआयडीसीतल्या मेंटेनन्स मॅनेजरला यातलं एकही वाक्य कळत नाही. त्याला आदर वाटतो, आणि आदरानं तो तुम्हाला सिक्युरिटीकडं पाठवतो. त्याऐवजी काम लिहा. रडारचा अँटेना फिरवणारी यंत्रणा म्हणजे सर्व्हो ड्राइव्ह आणि स्थिती सांगणारा सेन्सर. सीएनसी मशिनमध्ये आणि पॅकेजिंगच्या लाइनवर तेच असतं. रडारबरोबरचा जनरेटर, रेक्टिफायर आणि बॅटरी म्हणजे डेटा सेंटरच्या वीजपुरवठ्याचं छोटं रूप. ट्रान्समीटरचं थंडावा राखणारं सर्किट म्हणजे चिलर आणि फ्लो स्विच. टेस्ट बेंचवरच्या नोंदी म्हणजे कॅलिब्रेशन. म्हणून असं लिहा: 'सर्व्हो ड्राइव्ह, स्विचमोड वीजपुरवठा आणि मायक्रोवेव्ह रिसीव्हरमधले दोष कार्डापर्यंत आणि घटकापर्यंत शोधले; ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर रोज वापरले; सुट्या भागांचा साठा आणि वेळापत्रकानुसार देखभाल सांभाळली; सहा तंत्रज्ञांना काम वाटून दिलं आणि शिकवलं.' हुद्दा शेवटी येऊ द्या. त्याचा मान राहतोच, पण तो तांत्रिक कामाचा पुरावा होत नाही.

इथं गुप्ततेचा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीबरोबर सुटत नाही. उपकरणाचा पल्ला, फ्रीक्वेन्सी, तैनाती, युनिटचं ठिकाण, उणिवा यांतलं काहीही मुलाखतीत बोलायचं नाही. मॅन्युअलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत. पण वर लिहिलेल्या वाक्यात यांतलं काय आहे? काहीच नाही. सर्व्हो ड्राइव्ह गुप्त नसतो, तो कशावर बसवला होता ते गुप्त असतं. कामाचं स्वरूप सांगणं आणि उपकरण उघडं करणं यांतला हा फरक नीट कळला की 'मला काही सांगताच येत नाही' ही अडचण उरत नाही. उलट मुलाखतीत कुणी खोलात विचारलं आणि तुम्ही शांतपणे 'एवढ्यापुढं सांगता येणार नाही' म्हणालात, तर चांगला मालक त्याचा योग्य अर्थ घेतो.

कागदांच्या बाबतीत मात्र एक गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थांबलंच पाहिजे. पंधरा वर्षं सेवा झालेल्या मॅट्रिक माजी सैनिकाला पदवीधराच्या बरोबरीचं धरतात, हे खरं आहे. केंद्राच्या गट क मधल्या ज्या राखीव जागांना पदवी लागते, तिथं ही सवलत चालते. पण ज्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक आहे, तिथं ती चालत नाही. म्हणजे क्लार्कच्या जागेला ती दार उघडते आणि तंत्रज्ञाच्या जागेला नेमकी तिथंच थांबते. परिणाम असा होतो की वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये घालवलेला माणूस सवलतीच्या ओढीनं फाइलींकडं जातो. आरक्षणाचे आकडे लक्षात ठेवा: केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के, केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांच्या गट क मध्ये अपंग सैनिक व शहिदांच्या कुटुंबीयांचा वाटा धरून १४.५ टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. केंद्राच्या भरतीत वयातून सेवेचा काळ वजा करून उरलेलं वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं म्हणजे चालतं, त्यामुळं चाळिशीचा माणूस बाद होत नाही. पण हे सगळं तांत्रिक जागेसाठी उपयोगी पडायचं तर हातात आयटीआय, डिप्लोमा किंवा डिग्रीचा मान्य कागद हवा. म्हणून सेवेत मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र बाहेर काढून बघा: त्यावर एआयसीटीईची, विद्यापीठाची किंवा एनसीव्हीटीची मान्यता स्पष्ट लिहिलेली आहे का? असेल तर समकक्षतेचं पत्र सेवेत असतानाच मिळवा. बाहेर पडल्यावर तेच पत्र मिळवायला रेकॉर्ड ऑफिसशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो. नसेल, तर डिप्लोमाचा विचार टाळू नका. २०२३-२४ पासून एआयसीटीईनं नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतले डिप्लोमा आणि डिग्रीचे वर्ग चालवायला संस्थांना परवानगी दिली आहे. चाळिशीत पुन्हा वर्गात बसणं जड वाटतं हे मान्य आहे, पण पुढं काम करायची अठरा-वीस वर्षं असताना तीन वर्षांचा डिप्लोमा महाग पडत नाही.

फौजेत न शिकलेल्या ज्या गोष्टी बाहेर लागतात, त्यांत पहिली पीएलसी. रिले आणि टायमरचं तर्कशास्त्र ज्याला येतं त्याला लॅडरची आकृती दोन आठवड्यांत वाचता येते. सॉफ्टवेअर हाताळायला दोन-तीन महिने लागतात. त्याबरोबर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि स्काडा (प्लांटवर स्क्रीनवरून लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) ओळखीचे असावेत. निवृत्ती जवळ आली की पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, २४ आठवड्यांपर्यंतचे अभ्यासक्रम मिळतात. जवळचं शहर, सोपा कोर्स आणि घरी राहायला मिळेल या हिशेबानं ते निवडले जातात. सहा महिन्यांची ती संधी ऑटोमेशन किंवा इन्स्ट्रुमेंटेशनसाठी वापरली तर तिचं चीज होतं. दुसरी गोष्ट परवान्याची. वीज जोडणीच्या कामासाठी राज्याचा तारतंत्री किंवा पर्यवेक्षक परवाना लागतो, त्याशिवाय कितीही अनुभव असला तरी पॅनेलला अधिकृतपणे हात लावता येत नाही. तिसरी गोष्ट पैशाच्या हिशेबाची: फौजेत उपकरण कोणत्याही किमतीला चालू ठेवायचं असतं, कारखान्यात दुरुस्ती करायची की नवं घ्यायचं हे तासाच्या उत्पादनाशी ताडून ठरतं. हे सवयीनं येतं, त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

चौथ्या गोष्टीवर मात्र मी अडून राहीन. रसायनाच्या प्लांटमध्ये ज्वलनशील वाफ असलेल्या जागी लागणारी उपकरणं वेगळी असतात. तिथं स्फोटरोधक पेटी असते, किंवा ठिणगी पेट घेण्याइतकी ऊर्जाच वायरवर जाऊ न देणारा बॅरियर असतो. पेटीचा एक बोल्ट कमी लावला, चुकीची ग्लँड बसवली, तरी तिचं संरक्षण संपतं. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी आजूबाजूची वस्ती हादरली होती, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींतही रसायनाचे कारखाने घरांना लागून आहेत. इथं काम करणाऱ्या तंत्रज्ञावर 'आजचा दिवस इंटरलॉक बायपास कर, बॅच निघू दे' असा दबाव येऊ शकतो. फौजेत हुकूम मानायची सवय असते. पण दारूगोळ्याजवळ काम करताना सुरक्षेचा नियम हुकूम देणाऱ्यालाही लागू असतो, ही सवयही फौजेनंच लावलेली असते. तीच इथं बरोबर आणा. वर्क परमिटशिवाय काम नाही, वीज बंद करून टॅग लावल्याशिवाय हात नाही, आणि बायपास करायचाच तर जबाबदार माणसाच्या सहीनं, वेळ लिहून. ज्याला हे ठामपणे आणि न भांडता सांगता येतं, तो मेंटेनन्सवाला त्या प्लांटभोवती राहणाऱ्या लोकांचंही संरक्षण करत असतो.

शिरगावहून पोचता येतील अशा जागा पुष्कळ आहेत. रसायन आणि औषधांच्या प्लांटमधलं इन्स्ट्रुमेंटेशन घराच्या सर्वांत जवळ; माणकिवली, आनंदनगर, डोंबिवली, तळोजा. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातली डेटा सेंटरं ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं गाठता येतात. तिथं यूपीएस, बॅटरी, जनरेटर आणि कूलिंग सांभाळणारी माणसं तिन्ही पाळ्यांत लागतात, आणि 'बिघाड झाल्यावर सांगू' हे तिथं चालत नाही. रुग्णालयांतल्या उपकरणांच्या देखभालीचं क्षेत्र अजून पुरेसं कुणाच्या नजरेत आलेलं नाही. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डायलिसिसची यंत्रं यांत सेन्सर, पंप आणि वीजपुरवठा हेच असतं. एक्स-रे यंत्राला मात्र अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे, नियम लागतात, तिथं प्रशिक्षणाशिवाय शिरू नये. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. विमानतळ प्राधिकरण इलेक्ट्रॉनिक्सच्या सीनिअर असिस्टंट पदाला डिप्लोमा आणि अनुभव मागतं. रडार आणि दिशादर्शक यंत्रणांवर काम केलेल्या हवाई दलाच्या माणसाला याहून जवळचं काम मिळणं कठीण. रेल्वेत टेक्निशियन ग्रेड वन सिग्नल हे पद आहे. संरक्षण उत्पादनात अंबरनाथचा आयुध निर्माणी कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या छत्राखाली आहेत, डीआरडीओची नौदल साहित्य प्रयोगशाळाही अंबरनाथलाच आहे, आणि तळोज्याला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. या सगळ्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवायला ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय उपयोगी पडतं. तिथं नाव नोंदवताना ट्रेडच्या रकान्यात नुसतं 'तंत्रज्ञ' लिहू नका, कामाचं पूर्ण वर्णन द्या. नाहीतर तुमचं कार्ड सुरक्षा रक्षकांच्या गठ्ठ्यात जातं.

आता आक्षेप. पहिला हमखास येतो: 'आमची उपकरणं जुनी, बाहेर सगळं नवं, आम्हाला कोण विचारणार?' यात अर्धं सत्य आहे. नव्या यंत्रात कार्ड बदललं की काम झालं, घटकापर्यंत कुणी जात नाही. पण आपल्याकडच्या कारखान्यांत पंचवीस वर्षांपूर्वीचं ड्राइव्ह अजून फिरतं, त्याचं कार्ड आता मिळत नाही, आणि ते घटकापर्यंत दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही. जुन्या उपकरणावर हात बसलेला तंत्रज्ञ तिथं दुर्मीळ ठरतो. आणि जिथं फक्त कार्डच बदलायचं तिथंही कोणतं कार्ड हे ठरवायला तीच रीत लागते. चुकीचं कार्ड बदलून महागडं नवं कार्डही जाळल्याचे प्रकार मेंटेनन्समध्ये होतच असतात.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअरच्या हाताखाली, ठेकेदाराच्या पगारपत्रकावर, टेक्निशियन म्हणून उभं राहायचं? हा प्रश्न पैशाइतकाच मानाचा आहे, आणि त्याला 'अहंकार सोडा' असं उत्तर देणं अन्यायाचं होईल. तो मान त्यानं कमावलेला आहे. पण विचार करून बघा: गेटवर तो मान हुद्द्याला मिळतो, हाताच्या कामाला मिळत नाही. शॉप फ्लोअरवर पहिले सहा महिने कुणी ओळखत नाही हे खरं. रात्रीच्या पाळीत दोन ब्रेकडाउन नीट सोडवले की 'साहेबांना बोलवा' ही हाक तुमच्यासाठी यायला लागते. पेन्शन आहे म्हणून कमी पगारावर राबवून घेतात, ही तक्रारही खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे पेन्शन हा आपल्या हातातला जोर समजणं. पेन्शन नसलेल्या माणसाला पहिल्या महिन्यापासून पगार लागतो, तुम्ही एक वर्ष शिकण्यासाठी देऊ शकता. मात्र ते एकच वर्ष, आणि ते घेताना तीन गोष्टी आधी विचारा: पीएफ कुणाच्या नावानं भरला जातो, पीएलसीवर हात चालवायला मिळेल का, आणि वर्षानंतर कंपनीच्या पगारपत्रकावर घेण्याबद्दल काय ठरतं. उत्तरं टाळली गेली तर ती नोकरी नको.

अग्निवीरांचं गणित वेगळं आहे, कारण पेन्शनचा आधारच त्यांना नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढं कायम केलं जाईल. बाकीच्यांना ना पेन्शन, ना माजी सैनिकाचा दर्जा, म्हणजे वर सांगितलेली माजी सैनिकांची आरक्षणं त्यांना आपोआप लागू होत नाहीत; त्यांच्यासाठी वेगळ्या जाहीर झालेल्या सवलती तेवढ्या आहेत. हाती सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी असतो. वय मात्र विशीतलं, आणि इथंच त्यांची बाजू भक्कम आहे. चार वर्षांत बिघाड शोधायची रीत मुरायला वेळ कमी मिळतो, पण मोजमापाची सवय आणि कामातली टापटीप आलेली असते. अशा मुलानं सेवा निधीतला ठरावीक भाग पूर्ण वेळेच्या डिप्लोमासाठी वेगळा काढावा. गावी दुकान किंवा गाडी घ्यायचा आग्रह घरून होईल. आई-वडिलांना समजावताना एवढंच सांगावं की डिप्लोमानंतर पुढची पस्तीस वर्षं काम करायचं आहे. डिप्लोमा जमलाच नाही, तर अंबरनाथ आणि उल्हासनगरला सरकारी आयटीआय आहेत. दहावीनंतर भरती झालेल्यांनी सेवेतच मिळणारं बारावीचं प्रमाणपत्र हातात आलं आहे ना, हे आधी पाहावं. ते नसलं तर पुढच्या प्रवेशांची दारं अडतात.

ही सगळी तयारी निवृत्तीच्या दिवशी सुरू करायची नाही, निदान दीड वर्ष आधी करायची. पहिल्या सहा महिन्यांत प्रमाणपत्रांची छाननी आणि समकक्षतेची पत्रं. पुढच्या सहा महिन्यांत डीजीआरच्या कोर्ससाठी अर्ज, आणि सुट्टीवर घरी आल्यावर दोन दिवस काढून माणकिवली आणि आनंदनगरच्या चार-पाच प्लांटमध्ये जाऊन मेंटेनन्स विभागाच्या माणसाला प्रत्यक्ष भेटणं. एचआरला नाही, मेंटेनन्सवाल्याला. त्याच्याकडं नोकरी मागू नका. तुमच्याकडं कोणतं पीएलसी आहे, कोणत्या मेकचे ट्रान्समीटर आहेत, कुठला बिघाड सारखा येतो, एवढं विचारा आणि लिहून घ्या. कोर्स निवडताना ती यादी समोर ठेवा. शेवटच्या सुट्टीत त्याच माणसाला पुन्हा भेटा, नव्या बायोडेटासह, आणि मागच्या वेळी त्यानं सांगितलेल्या बिघाडाचं पुढं काय झालं ते आधी विचारा.